एका छपराखालच्या चुली

बदलापूर गाव,
११ जानेवारी २०२५

प्रा. मालिनी यांना,

हे पत्र मुद्दाम आपल्या घरच्या पत्त्यावर पाठवतो आहे. विभागात पाठवलं की ते आधी क्लार्क वाचतो, मग शिपाई, मग कँटीनवाला आणि सगळ्यांत शेवटी आपण. शिवाय चौकशी समितीने दोघांनाही बजावलं आहे की या प्रकरणात तोंडी काही बोलायचं नाही, जे काय असेल ते लेखी. माझी त्याला हरकत नाही. आपल्याशी तोंडी वाद घालून कोणी जिंकल्याचं निदान आपल्या नात्यागोत्यात तरी ऐकिवात नाही.

मुद्दा असा. बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात जो वरचा पाडा आहे, तिथे आपल्या तीन विभागांचा एकत्र प्रकल्प चालू आहे. रसायनशास्त्राच्या चिंतामणींनी ओढ्याचं पाणी तपासायचं, आपल्या समाजशास्त्र विभागाने घरोघर जाऊन कोण कुठलं पाणी पितं ते विचारायचं आणि गणित विभागाने, म्हणजे मी, या सगळ्याचा मेळ घालायचा. विद्यापीठाच्या वर्धापनदिनाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर हा प्रकल्प झळकणार आहे. 'सर्व विद्याशाखा एका ओढ्याकाठी' असं मथळ्याचं काव्यही कोणीतरी करून ठेवलं आहे.

घरोघर जाण्याचं काम आपली पीएच.डी.ची विद्यार्थिनी ओवी हिने दिवाळीआधी केलं. तिच्या यादीत पाड्यावर त्रेसष्ठ घरं आहेत. माझा विद्यार्थी अनीश याने ड्रोनने पाड्याचे फोटो काढले. त्यात छपरं दिसतात एकेचाळीस. मी गोठे धरून मोजली तरी आकडा पुढे सरकत नाही. बावीस घरं आकाशातून दिसत नाहीत, जमिनीवर नाहीत, फक्त ओवीच्या यादीत आहेत. माझं स्पष्ट म्हणणं आहे की ती अंबरनाथला घरी पंख्याखाली बसून भरलेली आहेत. तशी तक्रार मी समितीकडे केली आहे. आरोप सिद्ध झाला तर तिची नोंदणी रद्द होईल आणि पुढे कुठलंही विद्यापीठ तिला दारात उभं करणार नाही, याची मला कल्पना आहे. ती रकाने भरताना तिलाही असायला हवी होती.

आपल्या शास्त्राबद्दल मला कधीच फारसा आदर नव्हता हे आपण जाणताच. मागल्या वर्षी आपल्याच विभागाने उल्हासनगरातल्या सिंधी आणि मराठी शेजारणी एकमेकींशी कोणत्या भाषेत भांडतात यावर प्रबंध मान्य केला. तेव्हा मी गप्प बसलो. आता गणितात पाणी शिरतंय म्हणून बोलतो आहे.

गुरुदत्त


उल्हासनगर, कॅम्प ४,
१५ जानेवारी

गुरुदत्त,

मला 'आपण' म्हणू नकोस. तुझ्या मुंजीत केस कापायला न्हावी आला तेव्हा तू माझ्या परकरात तोंड खुपसून रडत होतास, आणि मामाने तुला ओढून काढलं तेव्हा परकर फाटला होता. मामेभाऊ आहेस, कुलगुरू झाल्यासारखा लिहू नकोस.

तुझी तक्रार वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा रागाने अक्षरं दिसेनात. छपरं मोजून तू घरं ठरवलीस? आमच्याकडे बारावीच्या मुलांना शिकवतात की एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. खानेसुमारीवालेही तेच धरतात. बाप एका कोपऱ्यात शिजवतो, लेक दुसऱ्या कोपऱ्यात, वर कौलं एकच. ती दोन घरं. तुझ्या ड्रोनला छपराखाली किती चुली पेटतात ते दिसतं का? माझ्या या बिल्डिंगमध्ये खाली जीन्सचा कारखाना आहे, वर आम्ही राहतो, गच्चीवर पत्रा टाकून आणखी एकजण राहतो. वरून बघितलंस तर तुला एक गच्ची दिसेल. मग आम्ही सगळे तुझ्या हिशेबी एक कुटुंब.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, एवढंच तुझं गणित. ओवीने कंपनीतल्या लॅबची पक्की नोकरी सोडून हे काम घेतलं आहे. तिचे वडील एमआयडीसीत पाळीवर जातात, ते शेजाऱ्यांना सांगतात की आमची मुलगी विद्यापीठात आहे. त्या मुलीला खोटारडी ठरवताना तू तिला एकदा बोलावून विचारलंसुद्धा नाहीस.

आणि शेजारणींच्या भांडणावर हसायला काय झालं? एका माणसाने आयुष्य घालवून बारवीच्या खेकड्यांचे पाय मोजले, त्याचा तुम्ही सत्कार केला. तू स्वतः गेली दहा वर्षं अशा संख्यांच्या मागे आहेस ज्या कोणी पाहिल्या नाहीत आणि पाहणारही नाही. मी कधी म्हटलं का की बंद कर? विद्यापीठात सगळ्यांनी एकच भाजी करायची नसते. पण तुझं नेहमीचंच, तुझं ते शास्त्र आणि दुसऱ्याच्या त्या गप्पा.

तुझा तोरा मी पाड्यावरच्या पहिल्या सभेतच पाहिला. ओवी बिचारी लोकांना समजावत होती की आम्ही सॅम्पल घेणार. तू भर सभेत तिला थांबवलंस, "सॅम्पल काय सॅम्पल, मराठी बोला," म्हणालास आणि स्वतः उभा राहून भाषण ठोकलंस. प्रत्येक घराचा नमुना काढला जाईल, प्रत्येक घराच्या नमुन्याची नोंद होईल. लोक माना डोलवत होते आणि तुला वाटत होतं की तुझ्या शुद्ध भाषेवर डोलतायत. शुद्ध भाषेची एवढी हौस आहे, तर तक्रार मागे घेतो हे शुद्ध मराठीत लिहून दे.

मालिनी


बदलापूर गाव,
२२ जानेवारी

मालिनीताई,

बरं, ताई म्हणतो. परकराचं प्रकरण समितीपुढे ठेवणार नाहीस अशी आशा आहे.

चुलीचा मुद्दा मला ठाऊक नव्हता असं तुला वाटत असेल तर तू मला अजून मुंजीतलाच समजतेस. चूल म्हणजे कुटुंब हे मान्य. म्हणूनच मी छपरं सोडून पुढे गेलो आणि ओवीने भरून आणलेली उत्तरं तपासली. तिने प्रत्येक चुलीला विचारलं होतं की काल रात्री काय शिजलं, त्यात कुठलं पाणी वापरलं. चांगला प्रश्न आहे, तो तू सुचवला असशील तर शाबासकी.

आता ऐक. ज्या बावीस छपरांखाली दोन-दोन चुली दाखवल्या आहेत, तिथे दोन्ही चुलींवर काल रात्री तेच शिजलं आहे. जिजाबाईंच्या चुलीवर नाचणीची भाकरी आणि सुकट, तर त्यांचा मुलगा कान्हा याच्या वेगळ्या चुलीवरही नाचणीची भाकरी आणि सुकट. पुढच्या घरी एका चुलीवर भात नि कुळथाचं कालवण, दुसऱ्या चुलीवर भात नि कुळथाचं कालवण. बावीसच्या बावीस जोड्या अशा. वेगळं राहणाऱ्या सासू-सुना रोज ठरवून एकच भाजी करतात असं जगात कुठे घडतं? माझ्या आत्याचं, म्हणजे तुझ्या आईचं, नि तुझ्या वहिनीचं एका ओट्यावर असूनसुद्धा कधी जमलं नाही.

याचा अर्थ सरळ आहे. तिने एका घराचं उत्तर घेतलं आणि ते दोनदा उतरवलं. मला मुलीचा राग नाही. राग तुझा आहे, कारण तू तिला डोळे झाकून पाठीशी घालतेस. समितीची बैठक होळीनंतर आहे. तोपर्यंत तिने स्वतःहून कबूल केलं तर मी शिक्षा सौम्य करा म्हणून सांगेन. याहून जास्त माझ्याकडून होणार नाही.

गुरुदत्त


उल्हासनगर, कॅम्प ४,
६ फेब्रुवारी

गुरुदत्त,

तुझ्या जोड्यांना उत्तर द्यायला वेळ लागला, कारण मी स्वतः पाड्यावर जाऊन आले. दोनदा गेले. एकटीच गेले, ओवीला नेलं नाही, म्हणजे तू म्हणायला नको की तिने लोकांना पढवलं.

चुली आहेत. माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. जिजाबाईंच्या घरात दोन आहेत, एक पडवीत आणि एक मागच्या अंगाला. दोन्ही नीट सारवलेल्या. कान्हाची बायको सुषमा तिच्या चुलीवर चहा करत होती, मला दिला. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते काही खोटं नाही.

दोन चुलींवर एकच भाजी का, असं तू विचारतोस. डोंगरात बाजार भरत नाही रे. ज्याच्या-त्याच्या दारात जे असतं तेच सगळ्यांच्या भांड्यात पडतं. एवढं समजायला गणित लागत नाही.

तुला माझ्यावर विश्वास नाही हे मी गृहीत धरते. मग असं कर. समितीला सांग की तू स्वतः जातोस. चिंतामणींना साक्षीला घे. प्रत्येक घरात शिर, प्रत्येक चूल मोज, काल काय शिजलं ते विचार. आकडा त्रेसष्ठच निघाला तर समितीपुढे उभा राहून ओवीची माफी मागायची. कागदावर नाही, तोंडाने. होळीपर्यंत थांबून जा, आत्ता घाई करू नकोस. लोक लाकूडफाट्याच्या कामात आहेत, घरी कोणी भेटायचं नाही.

मालिनी


बदलापूर गाव,
१० फेब्रुवारी

मालिनीताई,

कबूल. समितीनेही परवानगी दिली आहे. होळी झाली की मी आणि चिंतामणी वर जाऊ.

तुझं पत्र वाचून एक खटकलं. त्यात एकही शिवी नाही. गेल्या चाळीस वर्षांत तू मला एवढं शांत काही लिहिलं नव्हतंस. आकड्यांबद्दल तुला इतकी खात्री असेल तर मला थोडी काळजी वाटायला हवी, असं चिंतामणी म्हणाले. ते रसायनवाले, त्यांना प्रत्येक शांत गोष्टीखाली काहीतरी उकळतंय असंच वाटतं. मला वाटतं की तू फक्त दमली आहेस, आणि तुझ्या विद्यार्थिनीचं पितळ उघडं पडायच्या आत थोडा मान राखून घेते आहेस.

माफीची अट मान्य. पण आकडा चुकला तर तूही तिच्या मार्गदर्शकपदाचा राजीनामा द्यायचास, हेही लिहून ठेवतो.

गुरुदत्त


उल्हासनगर, कॅम्प ४,
१९ मार्च

गुरुदत्त,

काल विद्यापीठाच्या अंबरनाथ उपकेंद्रात चिंतामणी भेटले. मान खाली घालून निघाले होते, मी जिन्यात गाठलं. चुली किती निघाल्या विचारलं तर म्हणाले, "त्रेसष्ठ." आणि लगेच काहीतरी काम आठवल्यासारखे गेले.

त्रेसष्ठ. ओवीने लिहिल्या तेवढ्याच. आणि तुझ्या त्या जोड्या? चिंतामणींनी एवढंच सांगितलं की उत्तरं आता सारखी नाहीत. म्हणजे मुलीने उतरवून काढलं नव्हतं, हे तुझ्याच तपासणीतून सिद्ध झालं. मी ओवीला फोन केला. ती पलीकडून नुसती रडत होती. गेले दोन महिने तिने घरी कोणाला काही सांगितलं नव्हतं, वडिलांनासुद्धा नाही. त्या दोन महिन्यांचं काय करणार आहेस तू?

पाड्यावर जाऊन आलास त्याला चार दिवस झाले, तुझं पत्र नाही. एरवी दुसऱ्याच्या चुकीची शाई सुकायच्या आत तू लिहायला बसतोस. लाज वाटत असेल तर वाटू दे, पण ती समितीपुढे येऊन वाटू दे. शनिवारी अकराला बैठक आहे. मी पुढच्या रांगेत बसणार आहे. तुझं तोंड मला नीट बघायचंय.

मालिनी


बदलापूर गाव,
२३ मार्च

मालिनीताई,

काल तू माझं तोंड बघितलंस. मी उभा राहिलो, आकडा बरोबर आहे असं सांगितलं, ओवीची माफी मागितली. तू हसत होतीस. समितीने प्रकरण मिटवलं, मुलीने मला वाकून नमस्कार केला आणि मी घरी येऊन जेवलो नाही. का ते आता वाच, आणि पूर्ण वाच.

आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा जिजाबाईंनी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. मी बसतो न बसतो तोच म्हणाल्या, "साहेब, आमचा नमुना आनला का?" चिंतामणींना वाटलं की पाण्याच्या बाटल्यांबद्दल विचारतायत. ते म्हणाले, हो हो, आज घेऊन जाणार. त्या म्हणाल्या, "नेवाचा नाय साहेब, देवाचा हाय ना? सभंला तुमीच बोल्लाव. घरटी एकेक नमुना."

नमुना न्यायचा नाही, द्यायचा, म्हणजे काय ते मलाही कळेना. मग तिथला एक पोरगा रूपेश पुढे आला, त्याने सांगितलं. ग्रामपंचायतीत घराची नोंद होते तो उतारा म्हणजे नमुना आठ. तो नसेल तर विजेचा मीटर मिळत नाही, घरकुल मिळत नाही, घर असून नसल्यात जमा. पाड्यावर तो कोणाकडेच नाही, वर्षानुवर्षं मागतायत. आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून, छातीवर हात ठेवून, शुद्ध मराठीत सांगितलं होतं की प्रत्येक घराचा नमुना काढला जाईल, प्रत्येकाची नोंद होईल. ओवी 'सॅम्पल' म्हणत होती तेव्हा त्यांना अर्थ कळला नव्हता. माझा शब्द मात्र त्यांना चांगलाच कळला.

म्हणून त्यांनी घरं वाढवली. बाप-लेक, भाऊ-भाऊ, ज्यांच्या ज्यांच्यात उद्या वाटणी व्हायची आहे, त्यांनी आजच दुसरी चूल मांडून ठेवली. एका घराला एक नमुना मिळणार असेल तर दोन घरांना दोन मिळतील. ओवी गेली तेव्हा त्या चुली फक्त दाखवायच्या होत्या. जेवण एकीवरच शिजत होतं. म्हणून दोन्हीकडे तीच भाकरी नि तीच सुकट. माझ्या जोड्या बरोबर होत्या आणि ओवीही खोटं बोलली नव्हती. तिला जे दाखवलं ते तिने लिहिलं.

इथवर चूक माझी. ती मी समितीला सांगणारच होतो. पण त्यानंतर जिजाबाई जे म्हणाल्या ते वाच. म्हणाल्या, "आमी ता दुसरी चूल मोडाला निगालो व्हतो. तीन म्हैने कोन आला नाय, उगा जागा कशाला अडवाची. मंग तुमच्या म्याडम आल्या. बोलल्या, मोडू नका. शिजवा तिच्यावर. रोज वेगला शिजवा, तपासाला मानसा येतील."

तुला सगळं फेब्रुवारीतच कळलं होतं. नमुन्याचा गोंधळ तुला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. तू त्यांना सांगायला हवं होतंस की बायांनो, कुठलाही उतारा मिळणार नाही, या माणसाच्या तोंडून चुकीचा शब्द गेला. ते सांगितलं असतंस तर ओवीचा आकडा कोसळला असता आणि माझा जिंकला असता. म्हणून तू गप्प राहिलीस, त्यांना आशेवर ठेवलंस आणि वर वेगळं शिजवायला लावलंस. आणि मला लिहिलंस काय, तर घरोघरी मातीच्या चुली.

आता तुझ्या त्या वेगळ्या शिजवण्याचं काय झालं ते ऐक. वेगळं शिजवायचं म्हणजे तांदूळ वेगळा काढायचा, तेल वेगळं, मीठ वेगळं, फाटी वेगळी. कोणी कोणाची मोळी उचलली, कोणी जास्त डाळ काढून घेतली. आठ दिवस हसण्यावारी गेलं, मग बोलाचाली, मग शिव्या. कान्हाने मधे कुडाची भिंत घातली आहे. ओली होती, मी हात लावून बघितला. मी कान्हाला विचारलं, काल काय शिजलं. तो म्हणाला, डाळ-भात. पलीकडे जिजाबाईंना विचारलं. "काय शिजवाचा एकटीला? कालचा तुकडा व्हता." बाई सत्तरीच्या आहेत, डोळ्यांत फूल आहे, चुलीत फुंकर घालताना खोकत होत्या. सूनबाई कुडापलीकडे होती, उठली नाही. बावीस घरांत मी फिरलो. कुठे पूर्ण तुटलंय, कुठे अर्धं. दोन्ही चुलींवर सारखं जेवण मला एकाही घरात सापडलं नाही.

म्हणून मी समितीला आकडा बरोबर आहे असं सांगितलं. तो बरोबरच आहे. ऑक्टोबरात तो खोटा होता, आता खरा आहे. आपण दोघांनी मिळून तो खरा केला. मी ओळखीच्या माणसांच्या चुकीबद्दल आयुष्यभर तोंडसुख घेतलं, तुला माहीत आहे. तुझी लाज काढायला म्हणून डोंगर चढलो होतो. वर गेल्यावर माझीच वाटली.

ओवीला यातलं काही ठाऊक नाही. ती पुस्तिकेसाठी दोन पानं लिहिते आहे. मी तिला सांगू शकतो, पण तिला वाटेल की हरलेला माणूस सूड घेतोय. तिला सांगणं तुझं काम आहे. सांगितलं नाहीस तरी मी तुझी तक्रार करणार नाही. पण मग यापुढे मला भाऊ म्हणून पत्र घालू नकोस.

गुरुदत्त


उल्हासनगर, कॅम्प ४,
४ मे

गुरुदत्त,

तू मला नीती शिकवावीस असे दिवस आले. तुझा एक शब्द, तुझं ते मिरवणं, तुझी ती घाईघाईची तक्रार, हे नसतं तर मला पाड्यावर जावंच लागलं नसतं. तू एका मुलीचा गळा धरला होतास आणि मी तुझा हात सोडवत होते. हात सोडवताना कुणाच्या पायावर पाय पडतो ते तेव्हा दिसत नाही. हे मी तुला समजावून सांगत नाही, तुला समजणार नाही. लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिते.

ओवीला सांगितलं. तुझ्या धमकीमुळे नाही. पुस्तिकेची दोन पानं तिने मला वाचायला आणून दिली. त्यात तिने लिहिलं होतं की पाड्यावर कुटुंबं झपाट्याने विभक्त होत आहेत आणि याची कारणं शोधायला हवीत. शोधायला हवीत, असं ती लिहिते आणि कारण तिच्यासमोर खुर्चीत बसून चहा पितंय. मग नाही राहवलं.

ती रडली नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, म्हणजे सर बरोबर होते?" मी म्हटलं, सर बरोबर नव्हते. ती म्हणाली, "पण तुम्हाला माहीत होतं." मी तिची दोन पानं तिच्या हातात परत दिली. सबंध नोकरीत विद्यार्थ्याला उत्तर दिलं नाही असं माझ्या बाबतीत झालं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तुला ऐकून बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी तिने समितीला अर्ज दिला. पाहणी मागे घेते, आकडे पुस्तिकेतून काढा, प्रकल्पाला चुकीचं वळण लागलं ते का लागलं हे सविस्तर लिहून देते. समितीतल्या लोकांनी तिला समजावलं की बाई, तू तर निर्दोष सुटली आहेस, पुन्हा खड्ड्यात कशाला उडी मारतेस. ऐकलं नाही. आता तिचं आजवरचं काम धरलं जाणार नाही, पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. विषय हाच, पाडा हाच, मार्गदर्शक मात्र वेगळा मागितला आहे. माझं नाव तिने स्वतः खोडलं. माझ्यासमोर खोडलं, मागून नाही, एवढा तिचा सच्चेपणा. तुझंही नाव हिशोबातून काढायला सांगितलं आहे. अनीशशी तिचं बोलणं झालं आहे, तो फोटो देणार आहे आणि दुसऱ्या कुणा गणितवाल्याला विचारणार आहे. थोडक्यात, आपण दोघेही बाहेर.

गेल्या रविवारी तिच्याबरोबर वर गेले. तीच म्हणाली, लोकांना तुम्ही सांगितलं होतं, तर तुम्हीच परत सांगा. सगळे जमले नाहीत, पाच-सात बायका, दोन म्हातारे. मी उभी राहून सांगितलं. विद्यापीठाकडून उतारा मिळत नाही. मिळणार नव्हताच. सर जे बोलले त्याचा अर्थ वेगळा होता. मी तुम्हाला वेगळं शिजवायला सांगितलं ते चुकलं. आता चुली एक करा.

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रूपेश म्हणाला की पंचायतीत अर्ज टाकायचा ठरलंय, ओवीताई लिहून देणार आहे, तुम्ही नका पडू त्यात. मग उठून गेले एकेक जण.

मी कान्हाच्या दारात गेले. भिंत आता वाळली आहे, तिच्यावर सुषमाने शेण-मातीचा हात फिरवला आहे. मी तिला म्हटलं, अगं, ही काढून टाक, सासूला घे आपल्यात. ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "बाई, तुमच्या कागदावर आमी एकाची दोन घरां झालो. आता तुमीच बोलताव, ता कागद खोटा. कागद खोटा झाला ता झाला, आमी कशी खोटी होनार?" कुडापलीकडे जिजाबाई होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार.

दुपार झाली. जिजाबाईंनी ओवीला हाक मारली, ती आत जाऊन त्यांच्याजवळ बसली. सुषमाकडेही ताटं मांडल्याचा आवाज आला. मी ओट्यावर बसून होते. मला कुठल्याच चुलीवरून कोणी जेवायला बोलावलं नाही.

मालिनी